आवाज आला, चित्र आलं नाही : वर्गातला सिनेमा, त्याचं कुलूप आणि त्याचे ठिपके



आज जरा वेगळा विषय घेतोय. अभ्यासक्रमात नाही, पण डिजिटल वर्ग असलेल्या प्रत्येक शाळेत आणि घरोघरीच्या टीव्हीपुढे रोज आडवा येणारा. सुरुवात आमच्याच फजितीपासून करतो.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, धाराशिव जिल्ह्यातल्या एका लहान गावातली. प्रोजेक्टर लोकवर्गणीतून घेतलेला. कुणी दोनशे दिले, कुणी सोयाबीन विकल्यावर पाचशे. एका शनिवारी, दप्तर नसतं त्या दिवशी, मुलांना एक बालचित्रपट दाखवायचं ठरवलं. खिडक्यांना पोती लावून अंधार केला, सतरंज्या अंथरल्या, पाच-सहा आया आणि दोन आज्याही येऊन बसल्या. चित्रपट मी रीतसर पैसे भरलेल्या ॲपवर होता. टीव्हीला लावतात ती स्टिक घेतली, पण प्रोजेक्टर जुन्या व्हीजीए वायरीचा, म्हणून मध्ये एक छोटा कन्व्हर्टर जोडला. दुकानदार म्हणाला होता, "घेऊन जा सर, सगळं चालतंय."

ॲपचं पान दिसलं. पोस्टर दिसलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सिनेमा सुरू केला तसं संगीत वाजायला लागलं आणि भिंत काळी ती काळीच. पुढच्या रांगेतली एक पोरगी म्हणाली, "सर, नुसतं ऐकायला येतंय, दिसंना की काहीच!"

मग आपण सगळे करतो तेच मी केलं. वायर काढली, फुंकर मारली, परत लावली. बंद करून चालू केलं. शेवटी वैतागून गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचा आमचाच व्हिडिओ लावला, तर तो लख्ख दिसला! म्हणजे प्रोजेक्टर ठीक, वायर ठीक, स्टिकही ठीक. तरी पैसे भरलेला सिनेमा दिसत नाही आणि फुकटचा दिसतो. हा उलटा न्याय कसा, ते शोधायला बसलो आणि त्यातून हा लेख झाला.

थोडं मागे जाऊ. चाळिशी ओलांडलेल्यांना आठवत असेल, गणपतीत तालुक्याहून व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्यानं यायचा. रात्रभर तीन पिच्चर. त्या कॅसेटी बहुतेक वेळा नकलेची नक्कल असायच्या. मूळ कॅसेटवरून एक, तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. प्रत्येक वेळी रंग विटायचे, तोंडं पुसट व्हायची, कडेला पांढऱ्या रेघा यायच्या. चौथ्या-पाचव्या नकलेत नायक कोणता आणि खलनायक कोणता ते आवाजावरून ओळखायचं. म्हणजे नक्कल करणाऱ्याला त्या तंत्रातच एक शिक्षा होती. काही मूळ कॅसेटींवर मॅक्रोव्हिजन नावाची युक्तीही असायची. दुसऱ्या व्हीसीआरवर नक्कल करायला गेलं की चित्र मध्येच उजळायचं, मध्येच काळवंडायचं.

डिजिटल आलं आणि ही शिक्षा संपली. डिजिटल चित्र म्हणजे आकड्यांची यादी. वहीतलं गणित फळ्यावर उतरवलं, फळ्यावरून दुसऱ्या वहीत घेतलं, तर आकडे झिजत नाहीत. शंभरावी नक्कल पहिल्यासारखीच. सिनेमावाल्यांच्या पोटात गोळा आला तो यामुळे, आणि डिजिटल चित्राला कुलपं लावायची पद्धत इथून सुरू झाली.

डीव्हीडीला सीएसएस नावाचं कुलूप होतं. ते 1999 मध्ये फुटलं, आणि त्यात नाव आलं नॉर्वेच्या योन लेक योहानसेन या पंधरा वर्षांच्या मुलाचं. आपल्या नववी-दहावीच्या पोरांएवढा! त्याचं म्हणणं होतं, मी विकत घेतलेली डीव्हीडी माझ्या लिनक्स संगणकावर चालत नव्हती, म्हणून उघडली. खटला चालला, आणि 2003 मध्ये तो निर्दोष सुटला. कुलपासोबत प्रदेशाचा आकडाही असायचा. भारताचा 5, अमेरिकेचा 1. भारताच्या आकड्याची डीव्हीडी अमेरिकेतल्या नातेवाइकांना भेट म्हणून नेली, तर तिथला प्लेअर ती परत बाहेर ढकलायचा. पैसे देऊन घेतलेली वस्तू, पण देश चुकला.

आपल्याकडे एक दुसराही उपाय झाला, तो मला जास्त शहाणपणाचा वाटतो. 2007 च्या सुमारास मोझर बेअर कंपनीनं सिनेमाची व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना आणली. फुटपाथवरच्या चोरीच्या सीडीएवढ्याच पैशात खरी मिळायला लागली, तेव्हा लोकांनी खरी घेतली. एसटी स्टँडवरच्या दुकानांत ते पातळ पाकीट लटकलेलं असायचं, आठवतं का?

आता आमच्या काळ्या भिंतीकडे येऊ. हाय-डेफिनिशन चित्र आलं तेव्हा कुलूप दोन ठिकाणी लावलं गेलं. एक चकतीवर किंवा ॲपच्या फाइलीवर. ब्ल्यू-रे चकतीवरच्या कुलपाला एएसीएस म्हणतात. दुसरं चक्क वायरीवर! हे वायरीवरचं कुलूप समजायला शेतातलं उदाहरण घेऊ. विहिरीला कुंपण घातलं, कडी-कुलूप लावलं. पण विहिरीपासून शेतापर्यंतच्या पाइपलाइनला मध्येच कुणी छिद्र पाडलं तर? सिनेमाचं तसंच होतं. प्लेअर कुलूप उघडतो, आकडे मोकळे करतो आणि ते वायरीतून पडद्याकडे सोडतो. मध्येच कुणी रेकॉर्डर जोडला की सगळं हाती लागलं. म्हणून इंटेल कंपनीनं एचडीसीपी नावाची पद्धत काढली. प्लेअर पडद्याला आधी विचारतो, "तू कोण? तुझ्याकडे किल्ली आहे का?" पडद्यानं बरोबर उत्तर दिलं तरच चित्र सुटतं, तेही गुंतागुंतीच्या सांकेतिक रूपात. ही विचारपूस एचडीएमआय वायरीतून सेकंदाच्या आत होऊन जाते, म्हणून घरी आपल्याला कधी जाणवत नाही. 4के साठी या पद्धतीची 2.2 ही पुढची आवृत्ती लागते. म्हणूनच चार-पाच हजार खर्चून नवी स्टिक घेतली आणि जुन्या टीव्हीला लावली, तर 4के मिळत नाही.

व्हीजीए वायर 1987 सालची. तिला प्रश्न समजत नाही, उत्तर देता येत नाही. आमच्या कन्व्हर्टरकडेही किल्ली नव्हती. ॲपनं विचारलं, पलीकडून कुणी बोललं नाही, ॲपनं चित्र रोखलं. आवाज मात्र वेगळ्या पिनेतून स्पीकरला गेला. स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओला कुलूपच नव्हतं, म्हणून तो सरळ गेला. गंमत म्हणजे या एचडीसीपीची मुख्य किल्ली 2010 मध्येच इंटरनेटवर फुटली आणि इंटेलनं ती खरी असल्याचं मान्यही केलं. चोरी करणाऱ्याला कधीच वाट मिळाली. पोती लावून बसलेल्या आमच्या पोरांसाठी मात्र कुलूप शाबूत राहिलं.

कुलूप नेहमी चित्र पूर्ण बंदच करतं असं नाही. कधी कधी ते चित्र बारीक करतं, आणि इथे कुलूप आणि ठिपके एकमेकांना भेटतात. ब्ल्यू-रेच्या नियमांत एक सोय ठेवली होती. जुन्या ॲनालॉग वायरीनं टीव्ही जोडला असेल तर निर्माता 1920×1080 ठिपक्यांचं चित्र 960×540 वर आणू शकतो. गुणाकार करून बघा, 20,73,600 चे 5,18,400 होतात. बरोब्बर पाव! पुढे नियम आणखी आवळले. 2010 संपल्यानंतर बनणाऱ्या प्लेअरांनी त्या वायरीतून फक्त साध्या दर्जाचं चित्र द्यायचं आणि 2013 नंतर बनणाऱ्यांनी तेही नाही.

पालकांनो, तुमच्या फोनमध्येही हेच चालू असतं. "सर, पैसे भरूनसुद्धा फोनवर अंधुक दिसतंय" अशी तक्रार एका पालकांनी केली होती. नेटवर्क चांगलं होतं. अँड्रॉइड फोनमध्ये गूगलचं वाइडवाइन नावाचं कुलूप असतं. त्याचा एल1 दर्जा असेल तर कुलूप उघडायचं काम फोनच्या चिपमधल्या बंदिस्त कोपऱ्यात होतं, आणि ॲप पूर्ण एचडी चित्र देतं. एल3 असेल तर ते काम नुसत्या सॉफ्टवेअरवर असतं, म्हणून नेटफ्लिक्ससारखी ॲप फक्त साध्या दर्जाचं चित्र सोडतात. फोनच्या खोक्यावर "फुल एचडी डिस्प्ले" लिहिलेलं असतं, ते खोटं नसतं. पडदा एचडी आहे, पण त्यावर येणारं चित्र नाही. नेटफ्लिक्स ॲपच्या सेटिंगमध्ये हा दर्जा लिहिलेला दिसतो. फोन घेण्याआधी दुकानातच बघून घ्या.

आता ठिपक्यांचं गणित. सहावी-सातवीच्या वर्गात हे जरूर घ्या, क्षेत्रफळाचा धडा मुलांना पटकन कळतो. व्हीसीडीचं चित्र 352×288, म्हणजे लाखभर ठिपके. आपल्याकडची डीव्हीडी 720×576, म्हणजे 4,14,720. फुल एचडी याच्या बरोबर पाचपट. 4के म्हणजे 3840×2160, ते फुल एचडीच्या चौपट. मुलं म्हणतात, "दुप्पट का नाही सर? रुंदी दुप्पटच झाली की!" तिथेच थांबून फळ्यावर चौकोन काढा.

एक मोठं गणितही द्या. फुल एचडीच्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे लागतात, सेकंदाला 25 चित्रं धरा. सेकंदाला साडेपंधरा कोटी आकडे! दोन तासांचा सिनेमा असा सरळ साठवला तर 1,100 जीबीच्या वर जातो. ब्ल्यू-रेच्या एका थरात मावतात 25 जीबी आणि ऑनलाइन सिनेमा तर दोन-चार जीबीतच बसवतात. म्हणजे बाकीचं कुठे गेलं? दाबून बसवलं. भिंतीचा रंग सारखाच असेल तर प्रत्येक ठिपका लिहीत नाहीत, "इथून तिथपर्यंत हाच रंग" असं लिहितात. हे दाबणं किती, यावर चित्राचा खरा कस ठरतो. यासाठी आपल्याकडे फार छान उदाहरण आहे. नळदुर्ग किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून पडणारे नर-मादी धबधबे. पावसाळ्यातला त्यांचा एखादा व्हिडिओ लावा. किल्ल्याची तटबंदी स्वच्छ दिसते, पण पाण्याचे तुषार आले की चित्राचे चौकोन चौकोन पडतात. तटबंदी जागची हलत नाही, म्हणून थोड्या आकड्यांत भागतं. पाण्याचा प्रत्येक थेंब वेगळा, तिथे "हाच रंग" म्हणता येत नाही. व्हिडिओवर 1080 लिहिलेलं असूनही हे होतं, कारण ठिपके मोजून तेवढेच आहेत, पण त्यांच्यात भरायला माहिती पुरेशी पाठवलेली नाही.

प्रोजेक्टर घेताना तर डोळ्यांत तेल घालून बघा. ऑनलाइन जाहिरातीत मोठ्या अक्षरांत "1080पी सपोर्टेड" असतं. याचा अर्थ एवढाच, की हे यंत्र 1080 चं चित्र आत घेतं. भिंतीवर टाकतं ते मात्र त्याच्या स्वतःच्या ठिपक्यांत. हा आकडा खाली बारीक अक्षरांत "नेटिव्ह रिझोल्यूशन" म्हणून दिलेला असतो, आणि कितीतरी स्वस्त यंत्रांत तो 800×480 किंवा 800×600 निघतो. हंडा भरून पाणी आणलं आणि तांब्यात ओतलं, तसं. आमच्या जुन्या प्रोजेक्टरचा आकडा 800×600 आहे, हे आम्हाला खोक्याच्या मागच्या बाजूला सापडलं. तोपर्यंत सगळ्या गावाला मी "एचडी" म्हणून सांगत होतो!

पण मग लगेच नवा घ्यावा का? इथे जाहिरातीपेक्षा डोळ्याच्या डॉक्टरचं ऐकावं. 6/6 नजरेच्या माणसाला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या अंतरावरच्या दोन रेषा वेगळ्या दिसतात. 6 मीटरवरून हे अंतर पावणेदोन मिलिमीटर होतं. आमच्या भिंतीवरचं चित्र सहा फूट रुंद आहे. 800 ठिपक्यांत वाटलं तर एक ठिपका सुमारे 2.3 मिलिमीटरचा, 1280 ठिपक्यांत 1.4 चा आणि 1920 मध्ये एकाहून कमी. शेवटची रांग वीस फुटांवर, म्हणजे सहा मीटरवर. तिथल्या मुलाला 1280 आणि 1920 मधला फरक दिसणारच नाही. त्याला अडचण असते ती अक्षरं लहान असण्याची आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडाची. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : नेटिव्ह 1280×800 चा, पण जास्त उजेडाचा प्रोजेक्टर घ्या आणि उरलेल्या पैशांत जाड पडदे शिवा. अपवाद एकच. तेरच्या संग्रहालयातल्या हस्तिदंती मूर्तीचा फोटो आम्ही इतिहासाच्या तासाला लावला होता, तेव्हा तिच्यावरचं बारीक कोरीव काम 800 ठिपक्यांत पार पुसून गेलं. अशा वेळी फोटोचा एकेक भाग मोठा करून दाखवावा लागतो. घरच्या टीव्हीलाही हेच गणित लावा. 43 इंची टीव्ही दहा फुटांवरून बघणार असाल, तर फुल एचडी आणि 4के यांतला फरक डोळ्याला कळत नाही.

आता कायदा. काळ्या भिंतीनंतर एका पालकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सर, बाजारात एक स्प्लिटर मिळतोय, तो मध्ये लावला की कुलूप निघतंय." खरं आहे, मिळतात तसे. पण आधी आपला हक्क किती, ते बघू. कॉपीराइट कायदा 1957, कलम 52(1)(जे). शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात चित्रपट दाखवला आणि बघणारे फक्त शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं असतील, तर तो कॉपीराइटचा भंग नाही. पालक हा शब्द कायद्यातच आहे! म्हणजे त्या शनिवारी आमची मुलं, आया आणि मी, सगळे कायद्याच्या आत बसलो होतो. ओटा भरून गावाला बोलावलं असतं, तर मात्र नाही.

दुसरीकडे 2012 च्या दुरुस्तीनं कलम 65-ए आलं. हक्कभंगाच्या हेतूनं असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्याच कलमात, कायद्यानं मनाई नसलेल्या कामासाठी सूटही आहे, पण कुलूप उघडायला मदत करणाऱ्यानं कुणासाठी आणि कशासाठी उघडलं याची पूर्ण नोंद ठेवायची. स्प्लिटर विकणारा कसली नोंद ठेवतोय? शिवाय ॲपशी आपला करार वेगळा असतो. त्यातली वर्गणी सहसा घरगुती वापरापुरती असते, त्यात शाळा बसत नाही. नेटफ्लिक्स आपल्या काही माहितीपटांना वर्गात दाखवायची परवानगी स्वतःहून देतं, ती त्या माहितीपटाच्या पानावर लिहिलेली असते. कायदा शिक्षकाला ओळखतो, पण करारात शिक्षक नाही आणि वायर तर कुणालाच ओळखत नाही. मला हे चूक वाटतं. शाळेसाठी वेगळी, स्वस्त वर्गणी या कंपन्यांनी काढायला हवी. ती निघेपर्यंत मी स्प्लिटर घेतला नाही. मुलांपुढे उभं राहून "कॉपी करू नका" म्हणायचं आणि खिशात ते यंत्र ठेवायचं, हे मला जमलं नसतं.

त्याच पालकांनी दुसराही मार्ग सुचवला होता : टेलिग्रामवरून उतरवून घ्यायचा. याबद्दल घरी मुलांशी बोला. 2023 च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीनुसार थिएटरात चोरून चित्रण करणं आणि ते पसरवणं यासाठी किमान तीन महिने कैद आणि तीन लाख रुपये दंड आहे. भीती बाजूला ठेवली तरी ठिपक्यांचं गणित आहेच. थिएटरात फोन धरून काढलेलं चित्र नंतर ताणून 1080 केलेलं असतं. नाव एचडी, आत व्हीसीडीएवढाही ऐवज नाही. मुलांना दोन्ही शेजारी लावून दाखवलं तर ती स्वतःच नाक मुरडतात.

मग आम्ही काय दाखवलं? पुढच्या शनिवारी 'श्यामची आई'. आचार्य अत्र्यांचा, 1953 चा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला. चित्रपटाच्या कॉपीराइटची मुदत 60 वर्षं असते, म्हणजे याची 2013 च्या अखेरीस संपली. कुलूप नसलेली प्रत सरळ चालली. आणखी एक योग असा, की त्या काळच्या चित्रपटाची चौकट जवळजवळ चौरस असते आणि आमच्या 800×600 च्या भिंतीवर ती कडेपर्यंत भरून आली. 35 मिलिमीटरच्या फिल्मवर ठिपके नसतात, चांदीचे बारीक कण असतात. म्हणून असे जुने चित्रपट आज 4के मध्येही उतरवता येतात, फिल्म जपलेली असली तर. पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय हेच जपणुकीचं काम करतंय.

वीज एकदा गेली, इन्व्हर्टरवर पुढे चाललं. दोन्ही आज्या शेवटपर्यंत बसल्या. निघताना एक म्हणाली, "मागल्या टायमाला काळं होतं ते काय होतं गुरुजी?" मी वायरीचं कुलूप, किल्ली, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग किल्लीवाल्याला सांगायचं की, शाळा हाय म्हणून."

येत्या शनिवारी नळदुर्गचा आम्हीच चित्रित केलेला व्हिडिओ लावणार आहोत. या खेपेला शुक्रवारी संध्याकाळी, शाळा सुटल्यावर, एकदा पूर्ण चालवून बघणार आहे. शेवटच्या रांगेत बसून.